बिली वाइल्डरची पंचविशी

बिली वाइल्डरने हॉलिवूडमध्ये १९४२ ते १९८१ या काळात पंचवीस चित्रपट दिग्दर्शित केले. त्याआधी, बर्लिन सोडून पॅरिसला आला असताना, १९३४ साली त्याने एक फ्रेंच चित्रपट केला होता. पण तो दुसऱ्या एकाबरोबर मिळून केलेला, म्हणून क्रमवारी लावताना बहुतेक जण तो बाजूला ठेवतात. पंचवीस हा आकडा यादी करणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे. हिचकॉकचे पन्नासच्या वर चित्रपट आहेत, जॉन फोर्डचे शंभराच्या वर, आणि फोर्डचे मूकपटांच्या काळातले कित्येक तर हरवूनच गेलेत. फोर्डची यादी करणाऱ्याला मनातून ठाऊक असतं की आपण सगळं पाहिलेलं नाही. वाइल्डरचं तसं नाही. नेटाने बसलं तर एका पावसाळ्यात पंचवीसच्या पंचवीस पाहून होतात, आणि मग भांडायला आपण मोकळे.

आमच्याकडे हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मी, माझा दादा आणि फिल्म क्लबात ओळख झालेला एक मित्र, असे आम्ही तिघं. दादा आता पुण्याबाहेर असतो, मित्रही दूर गेला. पण भेट झाली, फोन झाला, की घरची ख्यालीखुशाली संपते आणि यादी निघते. वरच्या चार जागांवर आमचं फारसं वाजत नाही. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४), ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०), ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) आणि ‘द अपार्टमेंट’ (१९६०). जगात कुठेही वाइल्डरवेड्यांना विचारा, क्रम मागेपुढे होईल, पण नावं हीच येतील. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८ साली आणि पुन्हा २००७ साली शंभर अमेरिकी चित्रपटांची यादी केली, तेव्हा दोन्ही वेळा वाइल्डरचे हेच चार तिच्यात होते.

मला कुतूहल असतं ते पाचव्या नंबरापासून पुढचं. पहिले चार आपल्याला आयते मिळतात. पुस्तकांतून, मोठ्या समीक्षकांकडून, ‘हे पाहिलंच पाहिजे’ म्हणणाऱ्या थोरल्या मंडळींकडून. पाचवा मात्र ज्याचा त्याला शोधावा लागतो. कोण पाचव्या जागी ‘एस इन द होल’ ठेवतं, कोण ‘स्टॅलाग १७’, कोण ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’. एखाद्याने ‘सॅब्रिना’ म्हटलं की त्याच्याशी कसं बोलायचं ते मला कळतं. कोणी ‘अवंती!’ म्हटलं, तर त्याला मी जेवायला बोलावते.

पण आधी पहिल्या नंबराचं सांगते, कारण तो माझ्यापुरता पक्का आहे आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

माझा पहिला ‘द अपार्टमेंट’. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत तो १९९८ साली ९३ वा होता आणि २००७ साली ८०वा, म्हणजे वाइल्डरच्या चौघांत दोन्ही वेळा शेवटचा. मला ते कधीच पटलं नाही. न्यूयॉर्कमधली एक प्रचंड विमा कंपनी. सी. सी. बॅक्स्टर हा तिथला कारकून. एकोणिसाव्या मजल्यावर, टेबल क्रमांक ८६१. कंपनीत ३१,२५९ माणसं कामाला आहेत हे तो आपल्याला सुरुवातीलाच सांगतो. आपल्या फ्लॅटची किल्ली तो साहेबलोकांना संध्याकाळपुरती देतो, म्हणजे ते तिथे बायकांना घेऊन जाऊ शकतात, आणि त्या बदल्यात बढतीच्या पायऱ्या चढतो. ज्या लिफ्टवालीवर, फ्रॅन क्युबेलिकवर, त्याचा जीव जडलाय, तिलाच त्याचा सर्वांत मोठा साहेब त्या फ्लॅटवर आणतोय हे त्याला ठाऊक नसतं.

त्याला ते कळतं तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी माझ्या पोटात खड्डा पडतो. नाताळची ऑफिसातली पार्टी. बॅक्स्टरला बढती मिळालीय, त्याने नवी हॅट घेतलीय, ती कशी दिसते म्हणून तो फ्रॅनला विचारतोय. फ्रॅनला नुकतंच साहेबाच्या सेक्रेटरीकडून समजलंय की साहेबाने अशा किती जणी केल्या. तिचं लक्ष नाही. ती पर्समधून छोटा आरसा काढून त्याच्या हातात देते: बघ तूच. तो उघडतो. आरशाला तडा गेलेला. हा आरसा त्याने आधी पाहिलाय. त्याच्याच फ्लॅटमध्ये कुणीतरी विसरून गेलं होतं आणि त्यानेच तो साहेबाला नेऊन दिला होता. त्या तड्यातून दोन तुकडे झालेला त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. कुणी किंचाळत नाही, संगीत उसळत नाही. तो एवढंच म्हणतो की आरसा फुटलाय. ती म्हणते, माहितीय, मला तो तसाच आवडतो, मला आतून जसं वाटतं तशी मी त्यात दिसते. तो काही न बोलता आरसा परत देतो. एका वस्तूवर इतकं ओझं टाकायचं आणि ती वस्तू पर्समध्ये मावेल एवढीच ठेवायची, हे पटकथेचं काम आहे. वाइल्डर आणि त्याचा जोडीदार आय. ए. एल. डायमंड या कामात तरबेज होते.

आई विमा कंपनीतच नोकरीला होती. निवृत्त झाल्यावर एका दुपारी तिने हा सिनेमा माझ्याबरोबर पाहिला. सुरुवातीला टेबलांच्या त्या संपता न संपणाऱ्या रांगा दिसतात तेव्हा ती पुढे सरकून बसली. मी तिला सांगितलं की अलेक्झांडर त्रोनर या कलादिग्दर्शकाने मागच्या रांगांना टेबलं लहान लहान करत नेली, पार मागे तर लहान मुलं बसवली, म्हणून ते दालन एवढं लांब वाटतं. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही. ती म्हणाली, “अगं, ते लांबच असतं. मागच्या टेबलावर बसलं की साहेबाची केबिन अशीच दिसते.” मग बऱ्याच वेळाने, “ती पोरगी सारखी त्या लिफ्टमध्ये उभीच असते. तिला कुणी स्टूल का देत नाही?” मी आजवर या चित्रपटावर बरंच वाचलंय, पण हा प्रश्न कुठे वाचला नाही.

विम्यावरून आठवलं. विमा कंपनीत घडणारा वाइल्डरचा आणखी एक चित्रपट पहिल्या चारांत आहे, तो म्हणजे ‘डबल इन्डेम्निटी’. एक विमा एजंट एका बाईच्या नादाने तिच्या नवऱ्याचा खून करतो, विम्याच्या रकमेसाठी. रहस्यकथाकार रेमंड चँडलरबरोबर वाइल्डरने ती पटकथा लिहिली आणि दोघांचं एकमेकांशी क्षणभर पटलं नाही. लोक त्यात नायिका बार्बरा स्टॅनविकच्या पायातल्या साखळीबद्दल बोलतात, पट्ट्यापट्ट्यांनी येणाऱ्या उजेडाबद्दल बोलतात. मी तो दुसऱ्या नंबरावर ठेवते ते काडेपेटीच्या काड्यांसाठी. एजंट वॉल्टर नेफचा वरिष्ठ सहकारी कीज हा सिगार ओढतो आणि त्याच्याकडे काडी कधीच नसते. खिसे चाचपतो. प्रत्येक वेळी वॉल्टर अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून पुढे धरतो. शेवटी वॉल्टर गोळी लागून दारात कोसळलेला असतो, सिगरेट तोंडात, काडी ओढायची ताकद नाही. तेव्हा कीज वाकून काडी ओढतो. वाइल्डरने याच्यापुढे गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा प्रसंगही चित्रित केला होता, बराच पैसा खर्चून, आणि मग काढून टाकला. कीजने काडी ओढल्यावर पुढे काही सांगायचं राहिलेलं नव्हतं. मला या खुनाच्या गोष्टीत दिसते ती या दोन पुरुषांची मैत्री, आणि म्हणूनच तो मला थंड वाटत नाही.

‘सम लाइक इट हॉट’ तिसरा. इथे दादा आणि माझं थोडं वाजतं, कारण त्याच्या मते तो पहिलाच. त्याच्या बाजूला जग आहे. बीबीसीने २०१७ साली ५२ देशांतल्या २५३ समीक्षकांना विचारून शंभर विनोदी चित्रपट काढले, त्यात हाच अव्वल आला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या २००० सालच्या विनोदी यादीतही हाच पहिला. शिकागोत १९२९ साली झालेलं गुंडांचं हत्याकांड डोळ्यांनी पाहिलेले दोन वादक जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. आपल्याकडे १९७५ साली ‘रफू चक्कर’मध्ये ऋषी कपूर आणि पेंटलने तेच केलं. आणि मराठी माणसाला तर हे समजावून सांगायची गरजच नाही, कारण ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असलेल्या घरांत आपण वाढलो. तिचं मूळ वेगळं, हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’. पण साडी नेसलेल्या पुरुषाच्या विनोदाखाली खरी भीती असली पाहिजे, डोक्यावरचं छप्पर जाईल ही किंवा जीव जाईल ही, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

दादा नेहमी जॅक लेमनच्या हातातल्या खुळखुळ्यांचा दाखला देतो. जेरी, म्हणजे बाईच्या वेशातला लेमन, म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर रात्रभर टँगो नाचून आलाय आणि खुशीत सांगतोय की माझं लग्न ठरलं. प्रत्येक वाक्यानंतर तो खुळखुळे वाजवत गिरकी घेतो. वाइल्डरने ते मुद्दाम दिले होते. थिएटरात लोक इतके हसतील की पुढचं वाक्य बुडेल, म्हणून हसू ओसरेपर्यंत लेमनच्या हाताला काहीतरी काम हवं. चित्रीकरणाच्या वेळी समोर प्रेक्षक नसतो, तरी हसू किती वेळ टिकेल याचा अंदाज घेऊन त्याने जागा सोडल्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त म्हणते, अरे दादा, हसायला येतं ते कबूल, पण ‘अपार्टमेंट’मध्ये हसता हसता गळा दाटतो. तो म्हणतो, तो दोष आहे. मग आम्ही चहा ठेवतो.

‘सनसेट बुलेव्हार्ड’ चौथा. त्याच्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्याच्यावर सगळे लिहितात. पोहण्याच्या तलावात तरंगणारं प्रेत आपली गोष्ट सांगतं. मूकपटांची विसरलेली नटी ग्लोरिया स्वॉन्सनने केली, जी स्वतः मूकपटांची मोठी नटी होती. तिच्या नोकराचं काम एरिक फॉन स्ट्रोहाइमने केलं, ज्याने तिला एकेकाळी दिग्दर्शित केलं होतं. चित्रपट थोर आहे. पण मला तो घरात घेत नाही. मी दरवेळी त्या बंगल्याच्या फाटकाशी उभी राहते.

आता चौथ्याच्या खाली. इथे पहिलं नाव येतं ते एकेकाळी सगळ्यांत वर असलेल्या ‘द लॉस्ट वीकेंड’चं (१९४५). दारूच्या आहारी गेलेल्या लेखकाचे चार दिवस. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनेता, अशी चार ऑस्कर त्याला मिळाली. १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान अनेक चित्रपटांना वाटून दिला गेला, त्यांत हा होता. आणि त्याच पंक्तीत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही होता. त्या दिवशी वाइल्डरची यादी कुणी केली असती तर हा निर्विवाद पहिला. आज तो आठव्या-दहाव्या जागी असतो. बारच्या लाकडावर ग्लासाच्या बुडाची ओली वर्तुळं एकामागून एक वाढत जातात आणि किती ढोसली हे आपण त्यावरून मोजतो, ते अजूनही जबरदस्त आहे. पण ज्या धाडसाने त्या वेळी लोक हादरले, ते धाडस नंतर सगळ्यांनी केलं, आणि मग उरल्या त्या चित्रपटाच्या बाकीच्या बाजू. माझ्याकडे तो दहावा.

उलट ‘वन, टू, थ्री’ (१९६१) वर चढला. जेम्स कॅग्नी हा कोका-कोलाचा पश्चिम बर्लिनमधला साहेब, आणि विनोद सगळा दुभंगलेल्या बर्लिनवर. चित्रीकरण चालू असतानाच ऑगस्टमध्ये खरोखरची भिंत उभी राहिली. ब्रँडेनबुर्ग दरवाजापाशी जाता येईना, म्हणून म्युनिकमध्ये त्याची प्रतिकृती बांधून काम पुरं करावं लागलं. भिंतीपाशी माणसं मरत असताना कोण हसणार? चित्रपट पडला. १९८५ साली जर्मनीत पुन्हा लागला तेव्हा मात्र धो धो चालला. चित्रपट तोच, रिळंही तीच.

एवढं सगळं झाल्यावर मी येते ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे. वाइल्डरच्या यादीतलं प्रत्येक भांडण शेवटी एका आरोपापाशी येतं: हा माणूस कडवट आहे, त्याचा कशावर विश्वास नाही, तो माणसांकडे वरून बघतो. हा आरोप लहानसहान माणसाचा नाही. अँड्र्यू सॅरिस या अमेरिकी समीक्षकाने १९६८ साली अमेरिकी दिग्दर्शकांची एक मोठी प्रतवारीच पुस्तकात मांडली. सर्वांत वर चौदा दैवतं: चॅप्लिन, फोर्ड, हॉक्स, हिचकॉक, रेन्वार, वेल्स वगैरे. वाइल्डरला त्याने बसवलं ‘दिसतात त्यापेक्षा कमी’ अशा गटात. सोबतीला विल्यम वायलर, जॉन ह्यूस्टन, डेव्हिड लीन. वाइल्डर इतका सिनिकल आहे की त्याचा स्वतःच्या सिनिकलपणावरही विश्वास नाही, असा त्याचा शेरा. कॅमेऱ्याच्या करामतींतून दिग्दर्शक ओळखण्याचे ते दिवस होते, आणि वाइल्डर तर कॅमेरा कुठे ठेवलाय हे कळूच नये म्हणून झटणारा. त्यामुळे दोन पिढ्या हा शेरा घोकत राहिल्या. पुढे १९९१ साली सॅरिसनेच जाहीरपणे लिहिलं की वाइल्डरची जागा त्या दैवतांमध्येच आहे. इतक्या मोठ्या समीक्षकाने आपली प्रतवारी स्वतः मोडावी, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर आहे. पण शेरा टिकला. आमचा मित्र आजही तोच बोलून दाखवतो.

मला त्याचं उत्तर वाइल्डरच्या आयुष्यात दिसतं, आणि चित्रपटांत तर दिसतंच. हा माणूस १९०६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गालिशियात, आज पोलंडमध्ये असलेल्या सुखा गावात, ज्यू कुटुंबात जन्मला. व्हिएन्नात आणि बर्लिनमध्ये बातमीदारी केली, मग पटकथा लिहायला लागला. १९३३ साली हिटलर आला तसा निघाला. अमेरिकेत पोचला तेव्हा इंग्रजी जेमतेम. आई, आजी आणि सावत्र वडील मागे राहिले आणि नाझींच्या वंशसंहारात मारले गेले. १९४५ साली तो अमेरिकी लष्कराच्या कामासाठी जर्मनीत परतला आणि छळछावण्यांचं चित्रीकरण जोडून तयार केलेल्या माहितीपटावर त्याने काम केलं. म्हणजे माणूस माणसाचं काय करू शकतो हे त्याने पाहिलेलं होतं. त्यानंतर पंधरा वर्षांनी तोच माणूस ‘अपार्टमेंट’मध्ये शेजारच्या डॉक्टरच्या तोंडून बॅक्स्टरला सांगतो की बाबा रे, माणूस हो. आणि तो बॅक्स्टर होतो. हे कडवट माणसाला सुचेल? ज्याने तळ पाहिलाय त्याला चांगुलपणा सहजासहजी मिळत नाही हे माहीत असतं, म्हणून वाइल्डर तो फुकट वाटत नाही. त्याच्या चित्रपटात भलं वागायला किंमत पडते: नोकरी जाते, बढती जाते, बंगला जातो. बॅक्स्टर साहेबांच्या खास बाथरूमची किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवून निघून जातो, तेव्हा त्याने काय टाकलं हे आपल्याला आकड्यांसकट ठाऊक असतं.

मग ‘एस इन द होल’चं (१९५१) काय, असं मित्र विचारतो. रास्त प्रश्न आहे. न्यू मेक्सिकोत एका गुहेत एक माणूस अडकतो. मोठ्या वर्तमानपत्रांतून हाकलला गेलेला चक टेटम हा बातमीदार तिथे पोचतो. आतून टेकू लावत गेलं तर तो माणूस लवकर बाहेर येईल. वरून खडक फोडत गेलं तर दिवसामागून दिवस जातील आणि बातमी रोज पहिल्या पानावर राहील. टेटम शेरिफला हाताशी धरून दुसरा मार्ग घ्यायला लावतो. बाहेर जत्रा भरते. गाड्यांची रांग, पाळणे, खाण्याच्या टपऱ्या, अडकलेल्या माणसावरचं गाणं, आणि आत यायला आधी फुकट असलेल्या जागेचे दर वाढतच जातात. अमेरिकेत तो सपशेल पडला. पॅरामाउंटने नावही बदलून पाहिलं, उपयोग झाला नाही.

२००६ साली हरियाणात बोअरवेलमध्ये पडलेल्या लहान मुलाचं थेट प्रक्षेपण आपण सगळ्यांनी पाहिलं. लष्कराने त्याला सुखरूप बाहेर काढलं, देवाची कृपा. पण त्या दोन दिवसांत पडद्यावर जे चाललं होतं ते ज्यांना आठवतं, त्यांना हा चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो. मित्र म्हणतो, बघ, इथे एकही माणूस चांगला नाही. मी म्हणते, नीट बघ. अल्बुकर्कच्या त्या छोट्या पेपरचा संपादक आहे, जो टेटमला नोकरी देतो आणि शेवटपर्यंत सरळ वागतो. अडकलेल्या माणसाचे आईवडील आहेत. आई मेणबत्त्या लावत बसते आणि वडील जत्रेतल्या लोकांशी अदबीने बोलतात, कारण त्यांना वाटतं हे सगळे आपल्या मुलासाठी आलेत. वाइल्डर त्या म्हातारीकडे कधी हसून बघत नाही. हा राग आहे, कडवटपणा नाही. रागवायला आधी कशाची तरी चाड असावी लागते, आणि स्वतः बातमीदार असलेल्या माणसाला या धंद्याची चाड होती. ‘एस इन द होल’ माझा सहावा. पाचवा होता होता राहिला.

पाचवा ‘अवंती!’ (१९७२). इथे दोघंही माझ्यावर तुटून पडतात. बहुतेक याद्यांमध्ये तो चौदा, सोळा, अठरा अशा जागी असतो. कित्येकांनी पाहिलेलाच नसतो. बाल्टिमोरचा एक खडूस उद्योगपती, पुन्हा जॅक लेमन, इटलीतल्या इस्किया बेटावर येतो, कारण त्याचे वडील तिथे मोटार अपघातात वारलेत. मृतदेह घेऊन तातडीने परतायचं आणि मोठा अंत्यविधी करायचा असा बेत. तिथे कळतं की वडील गाडीत एकटे नव्हते. कैक वर्षं दर उन्हाळ्यात ते तिथे एका इंग्रज बाईला भेटत होते. दोघं बरोबरच गेले. त्या बाईची मुलगीही आलीय. तिच्या वजनावर चित्रपटभर जे बोललं जातं ते मित्राला खटकतं, आणि मलाही खटकतं; ते नसतं तर मी याला आणखी वर नेलं असतं.

पण शवागारातला तो प्रसंग पाहा. उन्हाने भरलेली जुनी पांढरी वास्तू, आत दोन मृतदेह. सरकारी अधिकारी येतो, छोटासा, काळ्या कपड्यांतला, गंभीर. टेबलाशी बसतो आणि एकेका खिशातून सामान काढू लागतो: घडी केलेले कागद, शाईचा पॅड, रबरी शिक्के. मांडामांड करतो. आणि मग शिक्के मारायला लागतो. ठप्प, ठप्प, कागद उलट, ठप्प. त्याची लय इतकी नेमकी आहे की ते एखाद्या पुजाऱ्याने विधी करावा तसं वाटतं. आपल्याकडे ज्याने कुणाच्या मृत्यूनंतर दाखले काढायला खिडक्यांपुढे रांगा लावल्यात, त्याला ते पाहताना काय वाटेल ते मी सांगायला नको. हसू येतं, आणि त्याच वेळी समोर दोन माणसं पांढऱ्या चादरीखाली शेजारी शेजारी झोपलेली असतात, ज्यांना आयुष्यात फक्त उन्हाळ्यापुरतं एकत्र राहता आलं. वाइल्डर तेव्हा पासष्टी ओलांडलेला होता. ज्या तरुण वाइल्डरने ‘डबल इन्डेम्निटी’त प्रेमासाठी खून करणारी जोडी दाखवली, त्यानेच म्हातारपणी हे दाखवलं: घाई नाही, बेटावर दुपारचं जेवण एक ते चार चालतं, आणि हॉटेलचा मॅनेजर कार्लुची दिवसरात्र धावपळ करून सगळ्यांची सगळी लफडी शांतपणे निस्तरतो. शेवटी त्या दोघांना कार्लुचीच्या घराण्याच्या जागेत एकत्र पुरलं जातं, आणि अमेरिकेला जाणाऱ्या पेटीत भलताच माणूस असतो. अख्खा पंचवीस चित्रपटांचा संसार पाहिल्यावरच या शेवटाची गोडी कळते. म्हणून मी तो नवख्याला दाखवत नाही.

त्याच्या आधीचा ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स’ (१९७०) माझा सातवा, आणि त्यात हळहळ बरीच आहे. तीन तासांहून लांब असलेला तो चित्रपट कापून दोन तासांच्या आसपास आणला गेला. कापलेल्यातलं पुढे थोडंच हाती लागलं. त्यासाठी बनवलेला राक्षसी जलचर लॉक नेस सरोवरात बुडाला होता, तो २०१६ साली तळाशी सापडला. कापलेली रिळं कुणाला अशी सापडावीत, असं मला फार वाटतं. उरलेल्यातही होम्सला शेवटी येणारं ते पत्र आहे, आणि पत्र वाचून तो वॉटसनकडे काय मागतो ते आहे.

त्यापुढे ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ आणि ‘स्टॅलाग १७’ आठवा-नववा, कधी याच्या पुढे तो तर कधी त्याच्या पुढे हा. मग ‘लॉस्ट वीकेंड’, ‘अ फॉरिन अफेअर’, ‘वन, टू, थ्री’. ‘इर्मा ला दूस’वरून शम्मी कपूर यांनी १९७४ साली ‘मनोरंजन’ काढला होता, आणि खरं सांगायचं तर मूळ चित्रपट मला लांबलेला वाटतो, तो सतरावा. तळाला ‘द एम्परर वॉल्ट्झ’ आणि शेवटचा ‘बडी बडी’. त्यांवर आमचं एकमत आहे, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला काही नाही.

मित्राच्या यादीत ‘अवंती!’ एकोणिसावा आहे. त्याने तो कॉलेजात असताना एकदाच पाहिलाय, तोही अर्धवट झोपेत. दिवाळीत तो पुण्याला येतोय, दादाही असेल. त्या संध्याकाळी दुसरा कुठलाही चित्रपट लागणार नाही, हे मी दोघांना आत्ताच कळवून ठेवलंय.